एसआय जॉइंट जोडायचं ऑपरेशन: आधी त्या इंजेक्शनचे पहिले सहा तास आठवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३, चार वर्षांपूर्वी एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, स्क्रू-रॉड टाकून मणका जोडलाय, पायात जाणारी कळ तेव्हा गेली, पण साधारण वर्षभराने डाव्या कुल्ल्याच्या वर, कमरेच्या खळीपाशी दुखायला लागलं ते आजतागायत. कूस बदलताना, गाडीत चढताना, डाव्या बाजूवर भार देऊन बसलं की कळ येते. एमआरआयमध्ये स्क्रू जागेवर, नस मोकळी. एसआय जॉइंटमध्ये, म्हणजे कण्याच्या तळाचं हाड आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधल्या सांध्यात, एक इंजेक्शन झालं, "दहा दिवस बरं वाटलं" असं तुम्ही लिहिलंय, आणि आता दोन्ही बाजूंचे सांधे जोडायचं ऑपरेशन सुचवलंय. करावं का, कायमचं बरं होईल का, आणि अजून एक सांधा जोडला तर त्याच्या पुढचा खराब होईल का, हे तीन प्रश्न.

सरळ उत्तर आधी देतो. लगेच करू नका, आणि दोन्ही बाजूंचं तर आत्ता अजिबात नको. पण ऑपरेशनच चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये. मी मणक्याचा सर्जन आहे, हे ऑपरेशन स्वतः करतो, आणि योग्य पेशंटला त्याने किती फरक पडतो हे डोळ्यांनी बघितलंय, वर्षानुवर्षं एका बाजूवर कलून बसणारी बाई परत सरळ बसून जेवते तेव्हा आपल्यालाही बरं वाटतं. माझं म्हणणं एवढंच की यात हाड जोडणं हा सोपा भाग आहे, दुखणं खरंच त्याच सांध्यातून येतंय का हे ठरवणं हा अवघड भाग, आणि तुमच्या बाबतीत तो अवघड भाग अर्धाच झालेला दिसतोय.

सांधा नेमका कुठला ते आधी. पाठीचा कणा खाली ज्या त्रिकोणी हाडावर टेकतो ते सेक्रम, त्याच्या दोन्ही बाजूंची मोठी पसरट हाडं म्हणजे इलियम, आणि या दोघांच्या मधला तो एसआय जॉइंट, डावा एक उजवा एक. गुडघ्यासारखा वाकणारा सांधा नाही हा, हालचाल जेमतेम दोन ते चार अंश आणि एखाद-दोन मिलिमीटर. त्याचं काम धडाचा भार पायांकडे पोचवायचं आणि पायाकडून वर येणारा धक्का झेलायचं. पुढचा-खालचा भाग खऱ्या सांध्यासारखा, कूर्चा असलेला, आणि मागचा-वरचा भाग म्हणजे जाडजूड लिगामेंटांचा, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा, गठ्ठा, दुखणं दोन्हीकडून येऊ शकतं.

हा सांधा दुखतो ही काही नवीन गोष्ट नाही. १९०५ मध्येच गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी कंबरदुखीसाठी याच्याकडे बोट दाखवलं होतं, १९२१ मध्ये स्मिथ-पीटरसन यांनी तो जोडायचं ऑपरेशन मांडलं, मग १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी नस दाबते हे दाखवलं आणि सगळ्यांचं लक्ष गादीकडे गेलं ते पुढची कित्येक दशकं तिकडेच राहिलं. त्यामुळे अनेक पेशंट वर्षानुवर्षं गादीचे उपचार घेत राहिले आणि दुखत होता हा सांधा. आता बारीक छेदातून बसणारे इम्प्लांट आल्यापासून उलटीही चूक व्हायला लागलीय, कंबरेच्या खाली दुखतंय आणि एमआरआय साफ आहे म्हणजे एसआय जॉइंटच असणार. जुनाट कंबरदुखीत या सांध्याचा वाटा साधारण १५ ते ३० टक्के धरतात, म्हणजे शंका घ्यायला भरपूर जागा आहे पण डोळे झाकून गृहीत धरण्याइतकी नाही.

तुमच्यासारख्या, आधी मणका जोडलेल्या पेशंटमध्ये ही शंका जास्त घ्यावी लागते हे खरं. वरचे मणके एकमेकांना बांधले की त्यांची हालचाल कुठेतरी खाली जाते, कॉम्प्युटर मॉडेलवर करून बघितलं तेव्हा मणके जोडल्यावर एसआय जॉइंटवरचा ताण वाढतो असं दिसलं, आणि तो जोड एस१ पर्यंत, म्हणजे सेक्रमच्या सर्वात वरच्या भागापर्यंत, खाली गेलेला असेल तर सर्वात जास्त. तुमचा जोड एल५ ला थांबलाय. म्हणजे खाली एल५-एस१ ची गादी अजून मोकळी आहे आणि तीही दुखण्याची तितकीच संशयित आहे! ती नीट बघितली का हे तुमच्या रिपोर्टवरून मला कळत नाहीये.

आणखी दोन गोष्टी, ज्या तुमच्याच केसमध्ये मला आधी आठवल्या. एक, एल४-एल५ चं हाड खरंच जुळून आलंय का? स्क्रू जागेवर असणं आणि हाड जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, स्क्रूच्या धातूमुळे एमआरआयमध्ये तिथलं हाड नीट दिसतही नाही, त्यासाठी पातळ स्लाइसचा सीटी लागतो. दोन, त्या ऑपरेशनच्या वेळी जोडण्यासाठी हाडाचा चुरा कुठून घेतला होता? बऱ्याचदा तो कुल्ल्याच्या हाडाच्या मागच्या कडेवरून घेतात, आणि ती जागा एसआय जॉइंटच्या अगदी शेजारी, पेशंट बोट ठेवतो तेही जवळपास तिथेच. तुमच्या जुन्या डिस्चार्ज पेपरमध्ये किंवा ऑपरेशनच्या नोंदीत ते लिहिलेलं असेल, आजच काढून बघा. डाव्या बाजूनेच घेतलं असेल तर सगळा विचार बदलू शकतो.

आणि खुबा. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी इथेच चुकलो होतो. एका पेशंटला तपासण्यांमध्ये एसआय जॉइंट दुखत होता, इंजेक्शनने "बरं वाटलं" एवढं त्यांनी सांगितलं, मी तेवढ्यावर ऑपरेशन केलं, इम्प्लांट अगदी सुंदर बसले, आणि तीन महिन्यांनी दुखणं होतं तसंच. तेव्हा कुठे मी त्यांचा पाय खुब्यातून आतल्या बाजूला फिरवून बघितला, तर जांघेत कळ आली आणि पेशंट म्हणाले, हेच ते. खुब्याच्या सांध्याची झीज होती. ते दोन मिनिटांचं काम मी ऑपरेशनच्या आधी करायला हवं होतं, आणि त्या माणसाला नको असलेलं ऑपरेशन सोसावं लागलं हे मला आजही टोचतं. तेव्हापासून खुबा तपासल्याशिवाय मी एसआय जॉइंटचा विषयच काढत नाही.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेलं राहत असेल, हालचाल केली की मोकळं होत असेल आणि पहाटे दुखण्याने जाग येत असेल, तर ते सूज येणारं संधिवाताचं दुखणं असू शकतं, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या कुटुंबातलं. त्याला एचएलए बी२७ आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या, एसआय जॉइंटचा वेगळा एमआरआय आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा डॉक्टर, लागतो, स्क्रू नाही. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, पण कोणी विचारलं नसेल तर विचारून घ्या. ताप, वजन घटणं, रात्रंदिवस सतत दुखणं असेल तर टीबी किंवा इतर इन्फेक्शन, गाठ हे आधी बाजूला काढायचं.

आता तपासण्या. एकटी कुठलीच तपासणी भरवशाची नाही. पाच करतात: पुढून दोन्ही बाजूंचं हाड फाकवणं, कुशीवर झोपवून वरून दाबणं, मांडी उभी धरून मागे रेटणं, एक पाय टेबलाखाली सोडून दुसरा छातीशी घेणं, आणि पालथं झोपवून सेक्रमवर दाबणं. यातल्या तीन किंवा जास्त तपासण्यांमध्ये तुमचं नेहमीचंच दुखणं जागं झालं तर शंका पक्की व्हायला लागते. नेहमीचंच हा शब्द महत्त्वाचा, कारण एवढं दाबलं तर काही ना काही दुखतंच. शिवाय मी पेशंटला म्हणतो, एका बोटाने जागा दाखवा. बोट मागच्या टोकेरी हाडाच्या किंचित खाली आणि आत दोनदा तिथेच पडलं तर चांगली खूण, आणि पूर्ण तळहात कंबरभर फिरला तर मी थांबतो. दुखणं एल५ च्या वर जात असेल तरीही थांबतो.

एक्सरे-सीटीमध्ये "एसआय जॉइंटची झीज" लिहून आलं म्हणून घाबरू नका. काहीच न दुखणाऱ्या लोकांचे सीटी बघितले तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये ती झीज होती. स्कॅन हे इतर आजार वगळायला आणि ऑपरेशनचा नकाशा म्हणून, त्याने दुखण्याचा उगम सिद्ध होत नाही.

उगम सिद्ध व्हायचा म्हणजे इंजेक्शनने, आणि इथेच तुमची माहिती अपुरी आहे. त्या इंजेक्शनमध्ये बहुतेक दोन औषधं असतात, एक जागा बधिर करणारं, जे काही मिनिटांत चालू होऊन काही तासांत उतरतं, आणि दुसरं स्टिरॉइड, जे हळूहळू चढतं आणि दिवस-आठवडे टिकतं. निदानासाठी मला पहिल्या औषधाचं उत्तर हवंय. म्हणजे इंजेक्शननंतरच्या पहिल्या एक ते सहा तासांत काय झालं? दुखणं किती टक्के गेलं? त्या तासांत तुम्ही नेहमी दुखणाऱ्या गोष्टी करून बघितल्या का, गाडीत चढणं, डाव्या बाजूवर बसणं, जिना? की इंजेक्शननंतर घरी जाऊन झोपलात, कारण तसं असेल तर परीक्षाच झाली नाही. "दहा दिवस बरं वाटलं" हे स्टिरॉइडचं उत्तर आहे, आणि स्टिरॉइड आजूबाजूला पसरूनही बरं वाटवतं, अंगात गेल्यावर बाकी दुखण्यांनाही थोडा आराम देतं.

दुसरं म्हणजे सुई खरंच सांध्यात होती का? नुसत्या हाताच्या अंदाजाने दिलेली इंजेक्शनं बहुतेक वेळा सांध्याच्या बाहेरच पडतात. सी-आर्म (ऑपरेशनच्या टेबलावर वापरायचं एक्सरेचं मशीन) किंवा सीटीखाली सुई नेऊन, आधी थोडा डाय सोडून तो सांध्यात पसरलेला फोटोत दिसला पाहिजे. तो फोटो मागून घ्या. औषधही थोडंच हवं, एक-दोन मिलिलिटर, जास्त भरलं तर ते बाहेर गळून शेजारच्या नसा बधिर करतं आणि खोटं "हो" मिळतं. एकदाच केलेल्या इंजेक्शनमध्ये असे खोटे "हो" येतातच, म्हणून आधी मणका जोडलेला असेल तर मी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी करतो. काही ठिकाणी ५० टक्के आराम पुरेसा धरतात. मी ७५ धरतो, आणि ते पेशंटने आठवून सांगितलेलं नाही तर तासातासाला कागदावर लिहिलेलं. कटकटीचं वाटतं लोकांना, पण अर्ध्या दिवसाची कटकट आहे आणि त्यावर कायमचं लोखंड, म्हणजे टायटॅनियम, अंगात घालायचं की नाही ते ठरणार आहे.

समजा दोन्ही वेळा उत्तर स्वच्छ "हो" आलं. तरी ऑपरेशनच्या आधी निदान सहा महिने नीट उपचार झालेले हवेत, आणि नीट म्हणजे शेकून-मालिश करून नाही. कुल्ल्याचे स्नायू आणि पोटाचे खोल स्नायू मजबूत करणारा व्यायाम, तोही आठवड्यातून एकदा फिजिओकडे जाऊन नाही, रोज. एसआय बेल्ट, जो कमरेवर नाही तर खाली, मांडीच्या वरच्या हाडाच्या गाठीच्या जरा वर आवळायचा असतो, निम्मे लोक तो पोटावरच बांधतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. बेल्टने चालताना स्पष्ट फरक पडला तर ती निदानालाही मदत. रात्री गुडघ्यांच्या मध्ये उशी.

रेडिओफ्रिक्वेन्सीबद्दलही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सांध्याच्या मागून येणाऱ्या बारीक नसा जाळतात, चाललं तर सहा महिने ते वर्ष आराम, नसा परत उगवतात. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात व्यायामासोबत हे केल्याने नुसत्या व्यायामापेक्षा म्हणण्याजोगा फायदा दिसला नाही, त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेपही बरेच घेतले गेले. माझ्या मते ऑपरेशन टाळायचंय किंवा पुढे ढकलायचंय त्यांनी विचार करावा, हाडात काही घातलं जात नाही हा मोठा फायदा. पण सांध्याच्या पुढच्या भागाच्या नसा त्यात येत नाहीत, त्यामुळे ते फसलं म्हणजे दुखणं एसआय जॉइंटचं नाहीच असं होत नाही.

आता ऑपरेशन किती चालतं, तुमचा "कायमचं बरं होईल का" हा प्रश्न. यावर मला जेवढं माहितीय तेवढं सगळं समोर ठेवतो, गोड भाग आणि कडू भाग दोन्ही. सर्वात जास्त अभ्यास झालाय तो त्रिकोणी टायटॅनियम इम्प्लांटवर, आयफ्यूज नावाने ओळखतात. अमेरिकेतल्या इनसाइट या अभ्यासात १४८ पेशंट होते, २०१५ मध्ये सहा महिन्यांचे निकाल आले, शंभरच्या मापावर ऑपरेशनवाल्यांचं दुखणं सरासरी ५२ ने उतरलं, विनाऑपरेशन उपचारवाल्यांचं १२ ने. युरोपातला आयमिया नावाचा अभ्यास, १०३ पेशंट, तिथेही असाच मोठा फरक. पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या पेशंटमध्ये आराम टिकलेला दिसलाय. हे अभ्यास इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीच्या पैशांवर झाले आणि पेशंटला माहीत होतं आपलं ऑपरेशन झालंय की नाही, हेही तेवढंच खरं.

मग २०२४ मध्ये नॉर्वे-स्वीडनचा अभ्यास आला. ६३ पेशंट, निम्म्यांना खरं ऑपरेशन, निम्म्यांना भूल देऊन फक्त त्वचेवर छेद आणि बाकी नाटक, पेशंटला माहीत नाही आपलं काय झालं. सहा महिन्यांनी दहाच्या मापावर खऱ्या ऑपरेशनने दुखणं २.६ ने उतरलं, खोट्याने १.७ ने, आणि एवढा फरक योगायोगानेही येऊ शकतो असा हिशोब निघाला. मी तो पेपर दोनदा वाचला आणि काही दिवस अस्वस्थ होतो. पेशंट कमी होते, निवड आणखी कडक करता आली असती, असे मुद्दे आहेत आणि ते मला पटतातही. पण त्यानंतर मी पेशंटशी बोलताना आकडे कमी करून सांगतो. दुखणं शून्य होईल असं मी कोणालाच म्हणत नाही. चांगल्या केसमध्ये निम्म्याहून जास्त उतरतं, बसणं-झोपणं सुधारतं, गोळ्या कमी होतात, आणि काही जणांना सगळं नीट करूनही फरक पडत नाही. तुम्हाला हे चालणार असेल तरच पुढे जा.

ऑपरेशन कसं होतं ते सांगतो. पूर्ण भूल, पालथं झोपवतात, कुल्ल्याच्या बाजूला साधारण तीन सेंटिमीटरचा छेद, सी-आर्मवर तीन वेगवेगळ्या कोनांतून बघत इलियममधून सांधा ओलांडून सेक्रममध्ये वायर, मग भोक, मग इम्प्लांट, बहुतेक वेळा तीन. तासाभराचं काम, रक्त फार जात नाही. धोका असतो तो सेक्रमच्या भागात, वर-पुढून एल५ ची नस अगदी हाडाला चिकटून जाते आणि मध्ये एस१ ची नस भोकातून बाहेर येते, इम्प्लांट काही मिलिमीटर जास्त गेला तर नसेला लागतो. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: ऑपरेशननंतर जाग आल्यावर पायात नवीन, वीज गेल्यासारखी कळ किंवा पंजा उचलायला त्रास असेल तर "सूज आहे, उतरेल" यावर आठवडे काढू नका, लगेच सीटी मागा. नसेवर असेल तर इम्प्लांट लवकर थोडा मागे घेतला की बरंच सुधारतं, उशीर झाला की नाही. बाकी इन्फेक्शन, रक्त साकळणं हे कुठल्याही ऑपरेशनसारखं. काही महिने बरं वाटून परत तिथेच दुखायला लागलं तर इम्प्लांट सैल झालाय का बघायचं, सीटीत त्याच्याभोवती काळी रेघ दिसते.

आता मागून, लिगामेंटांमधून हाडाचा तुकडा ठोकून बसवायची पद्धतही चाललीय, छेद लहान, वेळ कमी. वरचा एकही अभ्यास त्या पद्धतीचा नाही, आणि तो तुकडा सांध्याला आडवा खिळा मारल्यासारखा धरत नाही. तुम्हाला नेमकी कुठली पद्धत सुचवलीय ते विचारून घ्या.

बरं व्हायला वेळ लागतो. पहिले तीन आठवडे, कधी सहा, त्या पायावर अर्धाच भार, कुबड्या किंवा वॉकर. पहिल्या महिन्यात कुल्ल्याचा स्नायू दुखतो ते निराळं दुखणं, त्याने निराश होऊ नका. सिगारेट-तंबाखू असेल तर आधी बंद, हाड धरत नाही. तुमच्या वयात पाळी लवकर गेली असेल तर हाडांची घनताही मोजून घ्या, सेक्रमचं हाड मऊ असेल तर इम्प्लांट पकडच घेत नाही.

पुढचा सांधा खराब होईल का, तर ही भीती मणका जोडण्याच्या मानाने इथे कमी आहे, कारण मुळात दोन-चार अंशच हलणारा सांधा बंद केल्यावर शेजाऱ्यावर टाकायला हालचालच फारशी उरत नाही.

आणि दोन्ही बाजूंचं. तुम्ही लिहिलेलं सगळं दुखणं डावीकडचं आहे, उजवीकडे "कधीतरी" असं आहे, इंजेक्शनही डावीकडेच झालंय. मग उजवा सांधा कशाच्या पुराव्यावर जोडायचा? दोन्ही एकदम केले तर तीन-सहा आठवडे कुठल्याच पायावर पूर्ण भार देता येत नाही, म्हणजे जवळजवळ व्हीलचेअर. डावीकडचं दुखतं म्हणून माणूस सगळा भार उजवीकडे टाकतो आणि मग ती बाजूही बोलायला लागते, डावी शांत झाली की पुष्कळदा उजवी आपोआप शांत होते. सहा महिने थांबून, तेव्हाही दुखत असेल तर उजवीकडे स्वतंत्र इंजेक्शन, त्याच सहा तासांच्या कागदासकट.